काकूंसाठी तुला साकडं

पुणे, गुरुवार रात्र

प्रिय मंजू,

चार महिने पत्र नाही, फोनवर नुसतं 'नंतर बोलते'. रागाव, पण हे वाचून झाल्यावर. आम्ही इकडे बरे आहोत.

आपल्या मेसच्या काकूंना ॲडमिट केलंय. सहा आठवड्यांपूर्वी चालताना झोक जायला लागला. कानाचं दुखणं समजून कुणीतरी चक्करेच्या गोळ्या दिल्या आणि त्यात पाच आठवडे गेले. घर फिरल्यासारखं होतंय का, एवढं जरी विचारलं असतं! फिरत नव्हतं. पाय फाकवून, भिंत धरून चालत होत्या. परवा मला आमटी वाढायला उठल्या. पळी पातेल्यातून नीट उचलली, पण वाटीजवळ येईतो हात डावी-उजवीकडे जायला लागला आणि निम्मी आमटी ओट्यावर. "तुमच्यापेक्षा ओट्यालाच जास्त वाढते हल्ली," म्हणाल्या. तेही एकेक अक्षर तोडून. हात मांडीवर असला की कंप नाही, नेम धरला की कंप. लहान मेंदू, दुसरं काही नाही.

एमआरआय स्वच्छ आला तेव्हा काका पेढेच आणायला निघाले होते. त्यांना थांबवताना जीवावर आलं. सुरुवातीला तो स्वच्छच असतो, लहान मेंदू आक्रसलेला दिसायला काही महिने जावे लागतात. बी-१२, थायरॉईड ठीक. फेनिटॉइन, लिथियम असलं तोल बिघडवणारं औषधही चालू नाही. ग्लुटेनच्या (गव्हातलं प्रथिन) आणि गॅडच्या (चेतापेशीतलं एक प्रथिन) अँटिबॉडीज निघाव्यात म्हणून मी देव पाण्यात घातले होते. ग्लुटेनचं असतं तर गहू बंद करून वर्षभर वाट बघितली असती. दोन्ही निगेटिव्ह. पाठीतल्या पाण्यात लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, थोड्या वाढलेल्या, आणि रक्तात अँटी-यो, लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींना चिकटणारी अँटिबॉडी. पट्टीवरच्या तपासणीत यो पुष्कळदा खोटा पॉझिटिव्ह येतो, म्हणून मेंदूच्या उतीच्या कापावर पुन्हा करून घेतली. पुर्किंजे पेशी लख्ख उजळल्या. आता शंका नाही.

यो म्हटल्यावर अंडाशयाचा नाहीतर स्तनाचा कर्करोग, हे तुझ्यासारख्या स्त्रीरोगतज्ज्ञाला मी काय सांगू. मॅमोग्राफी, छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी, सगळं झालं, काही नाही. तू म्हणशील, गाठ नाही तर मी कापू काय? मंजू, इथेच माझं ऐक. पुर्किंजे पेशीत असणारं एक प्रथिन ती गाठ तयार करते. प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते आणि त्याच ओळखीवर लहान मेंदूत शिरते. प्रतिकारशक्तीने दाबून धरल्यामुळेच गाठ इवलीशी राहते, सीटीत दिसत नाही. प्रथिन पेशीच्या आत असतं, त्यामुळे अँटिबॉडी ही नुसती खूण. मारतात त्या टी-पेशी, प्रतिकारशक्तीच्याच. म्हणून प्लाझ्मा बदलून अँटिबॉडीज काढल्या तरी इथे फारसं हाती लागत नाही. आणि मेलेली पुर्किंजे पेशी परत येत नाही. गाठ सापडेपर्यंत थांबू, असं म्हणायची सोय नाही.

एमबीबीएसच्या फायनलला तू म्हणाली होतीस, लहान मेंदू म्हणजे तोल, पाच मार्कांचा प्रश्न. आठ दिवस बोललो नव्हतो. माझ्याकडे तेव्हा आकडे असते तर! मेंदूच्या आकारमानाचा जेमतेम दहावा हिस्सा, पण ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज तिथे. काकूंनीच आपल्याला एका ताटात वाढून बोलतं केलं होतं. आता त्या मेसचा हिशोब तीन-तीनदा चुकतात, मध्येच रडतात. काका म्हणतात, आजारपणाने हळवी झाली. तेही लहान मेंदूचंच आहे गं.

उद्या सकाळी उपाशीपोटी पेट स्कॅन, लपलेली गाठ शोधायला. साखर वाढली की चित्र बिघडतं, म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड त्यानंतर, दुपारी: रोज १ ग्रॅम, पाच दिवस. जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज, किलोला ०.४ ग्रॅम. काकू ६० किलो, म्हणजे रोज २४ ग्रॅम, पाच दिवसांत १२०. अँटिबॉडीजसाठीचं सगळं रक्त आधीच काढून ठेवलंय, कारण नंतर बाटलीतल्याच अँटिबॉडीज रिपोर्टात उमटतात. पुढच्या बुधवारी त्यांना कोल्हापूरला आणते. आतून सोनोग्राफी तू स्वतः कर, रक्तातलं सीए-१२५, अंडाशयाच्या कर्करोगाची खूण, बघ. पेट काही दाखवो न दाखवो, पोटात दुर्बीण घालायची का हे तू ठरव. पाळी जाऊन सहा वर्षं झाली आहेत; अंडाशयं काढायची वेळ आली तर मी मागे हटायला सांगणार नाही. काही सापडलं नाही तर दर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा शोध, दोन वर्षं.

गेलेलं परत मिळेल असं मी काकांना सांगितलेलं नाही. यो झालेले बहुतेक जण काही महिन्यांत आधाराशिवाय चालू शकत नाहीत. आज काकू भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातात, स्वतःच्या हाताने जेवतात. एवढं राखायचंय.

ओंकारची दहावी कशी गेली? आईंच्या गुडघ्याचं ठरलं का? नव्या घराचे फोटो पाहिले, गच्ची छान.

काकू म्हणतात, पोटाला हात लावायचा तर मंजूनेच. गुरुवारचं सकाळचं ऑपरेशन थिएटर मोकळं ठेव. भूल देणाऱ्यांना आत्ताच कळव, पाच दिवस स्टेरॉईड झालेले असतील आणि साखर चढलेली असेल. फाइल माझ्याबरोबर आणते. काकूंसाठी खाट खिडकीजवळची बघ.

तुझी,
शुभा