सशांच्या खाद्यातील जीवनसत्त्वांचा अतिरेक

महोदय,

ससेपालनात माद्या गाभण राहत नसल्या, की खाद्यात जीवनसत्त्वांची पूड वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला धोक्याचा वाटतो. जीवनसत्त्व ई कमी पडल्यास प्रजननाला बाधा येते हे खरे, परंतु जीवनसत्त्व अ कमी पडो वा जास्त होवो, गर्भ पोटातच जिरतात किंवा डोक्यात पाणी साचलेली पिल्ले जन्मतात, हे ससेपालकांना क्वचितच सांगितले जाते. शिवाय तापमान 30 अंशांपुढे गेल्यास नराच्या वीर्याची प्रत घसरते आणि ती सावरायला काही आठवडे लागतात. त्या काळात दिलेल्या पुडीला नाहक श्रेय मिळते. गोळीखाद्यातून मिळणारे जीवनसत्त्व धरून दिवसाची कमाल मात्रा पाकिटावर छापणे सक्तीचे करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक ससेपालक