आठ जणींचे बिल आणि सेवाशुल्क

संपादक महोदय,

आमची आठ जणींची भिशी गेली अकरा वर्षे चालू आहे. दरमहा भिशीच्या रकमेशिवाय प्रत्येकी दीडशे रुपये बाजूला काढतो आणि सहा महिन्यांनी त्या पैशांतून एकत्र बाहेर जेवतो. मी एकतीस वर्षे बँकेत कॅश काउंटरवर बसले, म्हणून हिशेब माझ्याकडे. या वेळी ७,२०० रुपये जमले होते. ते घेऊन गेल्या महिन्यात आम्ही बाणेरच्या एका नव्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. आमच्यातली एक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. त्यामुळे लिफ्ट आहे का, खुर्च्यांना पाठ आहे का, हे फोनवर विचारून घेतले होते. आणखी एक गोष्ट विचारायला हवी होती, ती तेव्हा सुचली नाही.

जेवण उत्तम होते, हे मुद्दाम लिहिते. फणसाचे कबाब तर आम्ही दुसऱ्यांदा मागवले. छापील मेनूकार्ड मात्र नव्हते. टेबलावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा. ते तिघींनाच जमले. मग मी किमती वाचून दाखवत गेले आणि कागदी नॅपकिनवर बेरीज करत गेले. पदार्थांचे ६,८४०, त्यावर पाच टक्के जीएसटीचे ३४२, म्हणजे ७,१८२. दोन गोड पदार्थ आठ जणींत वाटून घेतले, ते बेरीज ७,२०० च्या आत राहावी म्हणूनच.

बिल आले ७,९०० रुपयांचे. दहा टक्के सेवाशुल्क, ६८४ रुपये, परस्पर लावले होते आणि त्या सेवाशुल्कावरही जीएसटी घेतला होता. वाढणाऱ्या मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘‘काकू, आठ किंवा जास्त माणसं असली की ते लागतंच. सिस्टिममधूनच येतं.’’ मोबाइलवरच्या मेनूत अगदी तळाला, बारीक इंग्रजी अक्षरांत, तसे लिहिलेलेही सापडले.

सातशे रुपये कमी पडत होते. नवऱ्यामागे शिवणकामावर घर चालवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने काही न बोलता पर्स उघडली. ते मला पाहवले नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेल किंवा रेस्टॉरंटने सेवाशुल्क आपोआप बिलात धरायचे नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचे नाही, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचे आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. रेस्टॉरंटचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्या निकालाविरुद्ध अपील झाले, हे मला माहीत आहे. पण आठ माणसे एकत्र जेवायला बसली की नियम बदलतो, असे त्या सूचनांत कुठेही नाही.

मी मॅनेजरना बोलावले. ‘‘मॅडम, ग्रुपसाठी आमची पॉलिसी आहे,’’ एवढेच ते दोनदा म्हणाले. इकडे आमच्यातल्याच दोघी माझा हात दाबून म्हणत होत्या, ‘‘जाऊ दे गं, आजच्या दिवशी कशाला?’’ मला वाटते, गटावरचे सेवाशुल्क याच वाक्यावर चालते. माणूस एकटा असेल तर वाद घालतो. गटात मात्र कुणालाच बाकीच्यांची संध्याकाळ बिघडवायची नसते आणि वाटणीला येणारे नव्वद रुपये प्रत्येकीला थोडेच वाटतात. भीड भिकेची बहीण, असे माझी आई म्हणायची. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोबाइलवर काढून टेबलावर ठेवला आणि इथूनच फोन लावते म्हणाले. वीस मिनिटांनी नवे बिल आले, ७,१८२ चे. वीस मिनिटे ती गुडघेवाली मैत्रीण अवघडून बसली होती, याचे मला अजून वाईट वाटते.

आम्ही कुणाच्या कष्टाचे पैसे बुडवले नाहीत. निघताना आठ जणींनी पन्नास-पन्नास काढले आणि चारशे रुपये त्या वाढणाऱ्या मुलाच्या हातात दिले. परभणीकडचा, विशीतला मुलगा. दोन तास त्याने आमच्या टेबलाकडे प्रेमाने पाहिले होते, मागितल्यावाचून कोमट पाणी आणून दिले होते. बक्षिशी द्यायची आमची इच्छा होतीच. ती किती द्यायची आणि कुणाच्या हातात द्यायची, हे आम्हाला ठरवू द्यावे, इतकेच म्हणणे आहे.

जागेचे भाडे, पगार, भाजीपाला सगळेच महागले आहे, हे मान्य. मग तो खर्च पदार्थाच्या किमतीत धरावा. किंमत ठरवायचा हक्क रेस्टॉरंटचा आहे, आणि ती आधी दिसली तर काय मागवायचे ते आम्हाला ठरवता येते. शिवाय मागितल्यावर देता येईल असे एक तरी छापील मेनूकार्ड, मराठीतूनही, प्रत्येक ठिकाणी असावे. आता कचेऱ्यांतल्या पार्ट्या होतील, शाळेच्या जुन्या वर्गमित्रांचे मेळावे होतील. आठ-दहा जणांचे टेबल राखून ठेवणाऱ्यांनी ते ठेवतानाच सेवाशुल्काबद्दल विचारावे आणि बिल आल्यावर ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, अशी माझी विनंती आहे.

पुढच्या जेवणाची जागा आम्ही अजून ठरवलेली नाही. ७,२०० मधून उरलेल्या अठरा रुपयांची नोंद मात्र भिशीच्या वहीत केली आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे