नहाणीतून आलेले पाणी कोणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गच्चीच्या गळतीबद्दल बरेच लिहिले जाते. तळमजल्यावरच्या आम्हा लोकांकडे मात्र पाणी खालून येते.

यंदा जोराच्या पावसात आमच्या इमारतीमागचे चेंबर तुंबले आणि मैलापाणी बाथरूमच्या नहाणीतून उलटे वर आले. रात्रीतून ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे प्लायवुड फुगले, दिवाणातल्या गाद्या-रजया फेकून द्याव्या लागल्या. सकाळी चेंबरचे झाकण उचलले तर आत सिमेंटचे दगड झालेले गोळे, फरशीचे तुकडे आणि पिंपळाच्या मुळांचा झुपका. वरच्या मजल्यांवर घरांची कामे निघतात तेव्हा गवंडी घमेली धुऊन ते पाणी सरळ पाइपात ओततात. हे सर्वांना ठाऊक आहे. चेंबर उपसून घ्या, असा लेखी अर्ज मी एप्रिलमध्येच दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे.

आता आमच्या गृहनिर्माण संस्थेची व्यवस्थापन समिती म्हणते, पाणी तुमच्या नहाणीतून आले, म्हणजे गळती अंतर्गत, खर्च तुमचा. वर एक सभासद म्हणाले, तळमजला घेतला की हे चालायचेच. या वाक्याचा मला फार राग आला. देखभालीचे पैसे भरताना आम्हाला कोणी तळमजल्याची सूट देत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांत, संस्थेने स्वखर्चाने कोणती दुरुस्ती करायची याची यादीच आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या, सेप्टिक टँक, बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे आणि पावसामुळे होणारी गळती, सगळे त्यात येते. सभासदाच्या माथी येते ती त्याच्या स्वतःच्या संडास-बाथरूमची, सिंकची गळती. माझी नहाणी शाबूत आहे. तुंबले ते सामाईक चेंबर, आणि ते साफ ठेवणे समितीचेच काम. निधी नाही ही सबबही चालणार नाही; दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के वर्गणी घेण्याची तरतूद त्याच उपविधींत आहे.

भिजलेल्या सामानाची भरपाई मिळवणे याहून अवघड. गळती आणि दुरुस्तीचे वाद सहकार खात्याच्या निबंधकांकडे चालत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जावे लागते. तिथे समितीला आधी कळवले होते आणि तरीही तिने काही केले नाही, हे दाखवावे लागते. म्हणून तळमजल्यावरच्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे, की तक्रार व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून थांबू नका. लेखी द्या, तारखेसह पोच घ्या, आणि पाणी पुसण्याआधी चेंबरचे व घराचे फोटो काढा.

सहकार खात्याने एक करावे. पावसाळ्यापूर्वी सर्व चेंबर व पावसाळी पाइप साफ केल्याची नोंद, बिलासह, 31 मेपर्यंत सूचना फलकावर लावणे प्रत्येक संस्थेला बंधनकारक करावे. घराचे काम काढणाऱ्याकडून संस्थेने अनामत घ्यावी आणि काम संपल्यावर त्याच्या पाइपाखालचे चेंबर उघडून पाहिल्याशिवाय ती परत करू नये.

आपली,
तळमजल्यावरील एक सभासद