जंबो बर्गरचे वजन मेनूवर लिहा

महोदय,

पर्यटन हंगामात गोव्यात कळंगूट-बागापासून मडगाव-फोंड्यापर्यंत फास्ट फूडच्या दुकानांवर ‘जंबो’, ‘मॉन्स्टर’ असे फलक लागतात. दोन-अडीच किलोचा बर्गर, दोन फुटी पिझ्झा, अर्ध्या तासात एकट्याने संपवला तर फुकट. प्रत्यक्षात असला बर्गर सहसा कोणी एकटा खात नाही. चार-पाच मुले मिळून एक मागवतात. पाच-दहा मिनिटे फोटो-व्हिडिओत जातात, मग फ्राईज, वरचे चीज आणि पॅटीची खरपूस कड संपते. पॅटीचा मधला भाग आणि सॉसने भिजून लगदा झालेला खालचा पाव तसाच उरतो. या मधल्या भागाकडे ग्राहकांनी आणि हॉटेलवाल्यांनी लक्ष द्यावे, म्हणून हे पत्र.

नेहमीची चिकन पॅटी १०० ग्रॅमची, सेंटिमीटरभर जाड असते. दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे भाजली की झाली. किलोभर खिम्याची पॅटी आठ इंच रुंद केली तरी तीन सेंटिमीटर जाड होते. उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जाडी तिप्पट झाली की वेळ साधारण नऊपट. तेवढा वेळ तव्यावर ठेवली तर बाहेरून कोळसा होईल, म्हणून रंग आला की ती उतरवली जाते. आत मांस गुलाबी आणि चिकट राहते. अख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या अंगाला असतात. खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात आणि मधोमध साल्मोनेला (अन्नविषबाधा करणारा जंतू) जिवंत राहू शकतो. मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस तापमान यायलाच हवे. त्यासाठी दोन्ही बाजूंना रंग आणून पॅटी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावी आणि सुईचा थर्मामीटर कडेने आडवा घालून मध्याचे तापमान पाहावे. वरून खुपसला तर सुई आरपार जाऊन तव्याचेच तापमान दाखवते. त्याहून सोपा उपाय म्हणजे १०० ग्रॅमच्या दहा पॅट्या भाजून मोठ्या पावावर लागून लागून, थरावर थर मांडणे. फोटोत तेवढाच मोठा दिसतो.

पावाचेही तेच. आपल्या पोदेराचे (पाववाल्याचे) पोई आणि उंडे हे पाव तळहाताएवढे असतात आणि तेवढ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत भट्टीची आच नीट पोचते. पाऊण किलोचा बन त्याच आचेवर घातला तर वरून करपतो आणि आत पीठ कच्चे राहते. आच कमी करून त्याला पाऊण तास तरी द्यावा लागतो आणि कापण्याआधी दोन तास निवू द्यावा लागतो. गरम कापला की सुरीला चिकटतो.

मोठा पदार्थ म्हणजे वाईट, असे अजिबात नाही. तीन-चार फुटांचा डोसा पातळ असल्याने सगळीकडे सारखा शिजतो आणि चार जण तोडून तो संपवतात. दोष जाडीत आहे.

एकट्याने संपवण्याच्या पैजा मात्र बंद व्हायला हव्यात. अडीच किलोचा बर्गर, मेयोनीज आणि अर्धा किलो फ्राईज मिळून सात हजारांच्या आसपास कॅलरी होतात. प्रौढ माणसाची दिवसाची गरज सरासरी दोन हजारांची. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटे लागतात आणि घाईत गिळताना घास श्वासनलिकेत अडकू शकतो.

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी व वाढपाचे प्रमाण लिहिणे बंधनकारक आहे. एकाच जागी चालणारी बहुतेक दुकाने त्यातून सुटतात, आणि असले पदार्थ जास्त करून तिथेच मिळतात. म्हापसा पालिकेने २०२४ मध्ये जत्रेतल्या गोबी मंच्युरियनवर बंदी घातली, तेव्हा कृत्रिम रंगाची चर्चा घरोघरी झाली. रंग डोळ्यांना दिसतो, कच्चा मधला भाग चावल्याशिवाय कळत नाही.

उरलेले पार्सल नेणाऱ्यांनी एवढे पाळावे: ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. आपल्या उन्हाळ्यात, त्यातही गाडीत ठेवलेले पार्सल तासाभरातच धोकादायक होऊ शकते. मेयोनीज असेल तर अधिक जपावे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणने २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती. घरी आल्यावर भाग सुटे करून पसरट डब्यात फ्रीजमध्ये ठेवावेत, नाहीतर गठ्ठ्याचा मध्य थंड व्हायला फार वेळ लागतो.

हॉटेलवाल्यांना कळकळीची विनंती: पदार्थाच्या नावासमोर वजन आणि ‘चार जणांसाठी’ एवढे लिहा. फोटो झाला की लगेच कापून द्या, रिकाम्या ताटल्या आधीच टेबलावर ठेवा. पाच हातांनी चिवडलेला उरलेला भाग कोणाला देता येत नाही, तो कचऱ्यातच जातो. सुरीने वेगळा काढलेला भाग मात्र डब्यात घालून घरी नेता येतो.

हॉटेल व्यवसायातील एक वाचक, फोंडा