परक्याच्या धुऱ्यावरून

डार्वेन, लँकाशायर
5 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई व बाबा यांस,
तुमच्या थोरलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याला फोन मध्येच बंद पडला आणि बाबांचे दोन प्रश्न तसेच राहून गेले. एक, मी राहते ते गाव आहे तरी कसे. आणि दुसरा, अकोल्याच्या स्थळाला काय कळवायचे. पहिल्याचे उत्तर फोनवर आटोपण्यासारखे नाही आणि दुसऱ्याचे फोनवर देण्यासारखे नाही, म्हणून सरळ कागद घेऊन बसले आहे. बाबांना तसाही मोबाइलवर लांबलचक मजकूर वाचवत नाही.

आधी आईसाठी. मी वेळेवर जेवते. ज्वारीचे पीठ आणि तुरीची डाळ ब्लॅकबर्नच्या गुजराती दुकानात मिळते, तेव्हा मी पावावर दिवस काढते हा समज काढून टाकावा. रात्रपाळीहून येताना मी एकटी नसते, बसमध्ये आमच्याच इस्पितळातल्या आणखी दोघी असतात. बातम्यांत इंग्लंडचे काही दाखवले की ते लगेच माझ्या गल्लीत घडले असे धरू नये. जानेवारीत मी बर्फावर घसरले होते हे तुम्हाला मामेबहिणीकडून कळले, याचे मला वाईट वाटते. पण हाड मोडलेले नव्हते, केसाएवढी चीर गेली होती, आणि मी काम करते तिथेच प्लास्टर झाले, म्हणजे जाण्यायेण्याचीही सोयच झाली.

आता गाव. डार्वेन हे ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर, दोन बाजूंच्या टेकड्यांमधल्या दरीत लांबट पसरलेले आहे. जुनी माणसे त्याला 'डॅरन' म्हणतात, त्यामुळे पहिले कितीतरी दिवस ती कोणा माणसाबद्दल बोलताहेत असेच मला वाटे. घरे दगडी, एका रांगेत, एकाची भिंत संपते तिथे दुसऱ्याचे दार. माझ्या खिडकीतून एका जुन्या सूतगिरणीचे धुराडे दिसते. ते सुमारे तीनशे फूट उंच, रंगीत विटांचे आहे आणि इटलीतल्या घंटाघरांच्या धर्तीवर बांधलेले आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मी ते देऊळ समजून मनातल्या मनात हात जोडले होते. गिरणी 1867 मध्ये पुरी झाली. तिचे नाव, बाबा, 'इंडिया मिल'.

हा सगळा मुलूख कापसावर उभा राहिला, पण इथे पऱ्हाटीचे एक झाड कधी उगवले नाही. कापूस यायचा मुख्यतः अमेरिकेतून. 1861 मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकाशायरच्या गिरण्या एकामागून एक थंड पडल्या. लाखो माणसे दान-धर्माच्या भाकरीवर आली. त्या चार वर्षांना इथे 'कापसाचा दुष्काळ' असेच म्हणतात. आपल्याकडे दुष्काळ म्हटले की आभाळाकडे पाहतात. इथे आभाळ बारा महिने गळते आणि दुष्काळ पडला तो कापसाचा. मग मुंबईहून गाठी येऊ लागल्या. मुंबईत पैशाचा जो पूर आला तो त्यामुळेच, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो ओसरला तेव्हा कितीजण बुडाले हे बाबांना ठाऊक आहेच. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली तीही या कापसाच्याच ओढीने. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागातल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचे, ते तोडके नाव. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा ग्रंथालयात एकटीच हसले आणि समोरच्या गृहस्थांनी वर पाहिले.

पण ते नाव कोणी कौतुकाने घेत नव्हते, हेही खरे लिहिले पाहिजे. हिंदुस्थानातून आलेल्या कापसाला सरसकट 'सुरती' म्हणत. धागा आखूड, गाठीत पाला, माती, कधी वजनासाठी घातलेले खडे. सूत सारखे तुटायचे, दिवसभरात कापड निम्मे निघायचे, आणि मजुरी तर कापडावर मोजलेली. 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको' अशी त्या काळातली एक प्रार्थना इकडे अजून सांगितली जाते. खडे शेतकऱ्याने नाही, व्यापाऱ्याने घातले असतील, असे बाबा म्हणतील. शेजारच्या आजींना मीही तेच म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, तुटलेले सूत जोडणाऱ्या बाईला दोघेही सारखेच. मला उत्तर सुचले नाही. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून आपली गाडी परत पाठवली त्या दिवसाची आठवण झाली, एवढेच.

या आजींचे सांगायचे राहिले. इथे वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही आणि 'आजी' म्हटलेले त्यांना कळत नाही, म्हणून मी हाकच मारत नाही, जाऊन समोर उभी राहते. त्या पंधराव्या वर्षी गिरणीत लागल्या. मागांच्या खोलीत आवाज एवढा की शेजारणीचा शब्द ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठ मोठमोठे हलवून, हातवारे करून बोलत. त्या बोलीला 'मी-मॉ' म्हणतात. आजी अजूनही तशाच बोलतात, आणि इथल्या भाषेचे अक्षर न कळण्याच्या माझ्या सुरुवातीच्या दिवसांत गावात फक्त त्यांचेच बोलणे मला समजत होते. आमच्या वॉर्डात कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतात. त्यांच्याशी मी आता तशीच बोलते, आणि इतर नर्सेस हसतात. आजींच्या आईने मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून धागा ओवला होता, रोज, कितीतरी वेळा, आणि पुढचे दात लवकर घालवले होते. त्याला या लोकांनी 'धोट्याचे चुंबन' असे गोड नाव दिले होते. उन्हाळ्यात एक आठवडा अख्ख्या गावाच्या गिरण्या एकदम बंद ठेवत. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, आणि सगळे गाव उठून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. म्हणजे घराशेजारचे शेजारी तिथेही शेजारीच. धूर थांबला की पलीकडची टेकडी किती जवळ आहे ते कळे, असे आजी म्हणतात. ज्यांची समुद्रावर जायची ऐपत नव्हती, ती मंडळी दारात बसून टेकडी पाहत.

आजींच्या त्याच आईने गांधीजींना पाहिले होते. 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला आले असताना शनिवार-रविवार इकडे येऊन गेले आणि इथल्याच स्प्रिंग व्हेल भागात उतरले होते. आपल्याकडच्या बहिष्कारानेही इथले माग बंद पडले होते, आणि ज्यांचे काम गेले त्यांनाच भेटायला ते आले. दगड बसतील अशी भीती असताना गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला; तो फोटो आबांच्या खोलीत आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या पुस्तकात होता, बाबांना आठवत असेल. त्यांनी इथल्या बेकारांना सांगितले की तुमचे बेकार तीस लाख, आमचे तीस कोटी, तेही वर्षातले सहा महिने. आजींची आई म्हणे, माणूस बोलला ते खरे होते, पण माग काही सुरू झाले नाहीत. आबा रोज सूत कातत होते हे मी आजींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी चहा टाकला.

आता एक गोष्ट अशी सांगते की जी बाबांना पटणार नाही, आणि दोन वर्षे झाली तरी मलाही पुरती पचलेली नाही. इथे माणसे दुसऱ्याच्या शेतातून चालत जातात. काम म्हणून नव्हे, फिरायला म्हणून, रविवारी, काठी घेऊन, डोक्यावर पाऊस असताना. कुठूनही नाही, ठरलेल्या वाटेनेच. पण ती वाट शेताच्या मधोमध असली तरी मधोमधच जायचे. अशा वाटांचे सरकारी नकाशे आहेत. शेतकऱ्याने ती अडवायची नाही. नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. दगडी कुंपण आडवे आले तर त्यात माणसाला चढता येईल पण मेंढीला येणार नाही अशा पायऱ्या ठेवलेल्या असतात. फाटक उघडे दिसले तर उघडे ठेवायचे, लावलेले दिसले तर लावायचे. आणि शेतकरी? तो समोर आला तर पावसाबद्दल बोलतो. पहिल्यांदा आजींच्या नातीबरोबर गेले तेव्हा मी दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होते, कोणी हातात काठी घेऊन येतो आहे का म्हणून. काकांनी धुऱ्यावर तारेचे कुंपण घातल्यापासून आपली बैलगाडी किती लांबून न्यावी लागते हे माझ्या डोक्यातून जात नव्हते.

हे त्यांना फुकट मिळालेले नाही, तेही सांगते. गावावरच्या टेकडीच्या जुन्या वहिवाटी जमीनदाराने शिकारीची पाखरे बुजतात म्हणून बंद केल्या होत्या. स्वतः तो गावात राहतही नव्हता. गावकऱ्यांनी त्या वाटा चालणे सोडले नाही. त्यांच्यावर खटले झाले, वर्षे गेली, आणि अखेर 1896 मध्ये वाटा मोकळ्या झाल्या तेव्हा सगळे गाव मिरवणुकीने वर गेले. दोन वर्षांनी तिथे 85 फुटांचा मनोरा उभा राहिला. नावाला तो राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा, पण इथली माणसे त्याला वाटेचाच मनोरा मानतात. 2010 च्या वादळात त्याचा घुमट उडून गेला होता, तोही पुन्हा बसवला. मी वर जाते तेव्हा वारा असा असतो की मनातले काही उरत नाही. आपल्या पांदणीचा, शेतात जायच्या वाटेचा, अर्ज कुठपर्यंत आला ते कळवा. काकांशी भांडू मात्र नका.

पैशांचे लिहिते. मागच्या सोमवारी एक लाख ऐंशी हजार पाठवले आहेत. त्यातले एक लाख पीककर्जात भरावेत, उरलेल्यातून धाकट्याची फी. ऑगस्टमध्ये कापसावरचे आयात शुल्क उठल्यापासून भावाचे काय चालले आहे ते मी वाचते. खासगीत घाईने विकू नये, यंदाचा, 2025-26 चा, क्विंटलला 8110 चा हमीभाव मिळेल तिथेच द्यावा, थांबायला लागले तर घरखर्चाचे मी पाहते. विहिरीचे पुढच्या वर्षी करू. बाबांनी 'तुझ्या पैशाला हात लावायचा नाही' हे पुन्हा म्हणू नये, कारण माझ्या शिक्षणासाठी गेलेला खालचा तुकडा कोणाचा होता हे मला ठाऊक आहे.

अकोल्याच्या मंडळींना 'नाही' असे कळवावे. मुलगा वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण त्यांनी दोनदा पगार विचारला आणि तीनदा व्हिसा. मला दिवसभरात काय काम असते हे एकदाही नाही. आई म्हणेल वय वाढते आहे. ते मी इथेही वाढताना पाहते आहे. आणखी एक, जे तुम्हाला आधी विचारायला हवे होते: नोकरीचा करार मी तीन वर्षांसाठी पुढे वाढवला आहे. सही जुलैमध्येच केली. सांगायला धीर झाला नाही, कारण आपल्या आजीच्या तेरवीला मी आले नव्हते आणि त्यानंतर महिन्याच्या आत हे सांगणे माझ्याने होईना. दिवाळीलाही येत नाही, सुट्ट्या वैशाखासाठी राखल्या आहेत, तिकीट काढले की कळवते.

सीतादहीला, वेचणीच्या पूजेला, माझ्या वाटचे दहीभात शेतात ठेवा आणि पहिल्या वेचणीचा फोटो पाठवायला धाकट्याला सांगा. आजींना बोंड दाखवायचे आहे, त्यांनी आयुष्यभर कापूस हाताळला पण झाडावर कधी पाहिला नाही.

दसऱ्याला फोन बंद पडला नव्हता. आईने 'कधी येतेस' म्हटले तेव्हा मीच ठेवला. रविवारी तुमच्या संध्याकाळी सहाला करते, या वेळी पुरते बोलेन.

कळावे,
तुमची थोरली