सुभेदारांचं रविवारचं टेबल

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या गावचे सुभेदार गेले, त्याची बातमी तुम्ही छापलीत, त्याबद्दल आभार. बातमीत चूक काही नाही. १९६६ ला बेळगावात भरती, १ मराठा पलटण, ७१ ची लढाई, १९९४ ला सुभेदार म्हणून रिटायर, माजी सैनिकांनी दिलेली सलामी, आणि त्यांच्या नावानं वेशीवर कमान उभारायचा ग्रामपंचायतीचा ठराव. सगळं बरोबर. फक्त १९९४ नंतरची ३१ वर्षं तुमच्या वार्ताहरानं 'समाजकार्यातही ते अग्रेसर होते' एवढ्या चार शब्दांत उरकलीत. त्या चार शब्दांपायी हे पत्र लिहितोय.

मी खटाव तालुक्यातल्या या गावचा शाखा डाकपाल होतो. खेड्यातलं पोस्ट म्हणजे डाकपालाच्याच घराची पडवी. एक टेबल, एक काटा, एक शिक्का आणि खांबाला टांगलेली लाल पेटी. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं टपालातलं निम्मं पलटणीचं. पत्ता काय, तर '५६ एपीओ'. बायका विचारायच्या, "मास्तर, हे छप्पन एपीओ कुठल्या जिल्ह्यात आलं?" मला तरी कुठं माहीत! नवरा काश्मिरात असो नाहीतर राजस्थानात, पत्ता तोच. पलटण कुठं आहे ते पत्त्यावरनं कुणाला कळू नये म्हणून तसा असतो, हे सुभेदारांनी सांगितलं तेव्हा मला नोकरीत दहा वर्षं झाली होती.

गाव त्यांना 'मेजर' म्हणायचं. आपल्या भागात शिपाई म्हणून आलेलाही मेजर आणि हवालदारही मेजरच. हे मात्र दर वेळी दुरुस्त करायचे, "मेजर नाही, सुभेदार." शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिले आणि शेवटपर्यंत लोक मेजरच म्हणत राहिले.

पेन्शनीचे अडलेले अर्ज लिहून द्यायच्या त्यांच्या टेबलाची सुरुवात १९९५ ची. एक बाई तपकिरी पाकीट घेऊन पडवीत बसली होती. नवरा पेन्शनीत वारलेला, त्याला वर्ष होऊन गेलेलं. पाकिटात फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं इंग्रजी पत्र. मला त्यातलं 'रिग्रेट' तेवढं कळलं आणि तेवढं मी तिला सांगितलंही. सुभेदार पाकिटं घ्यायला आले होते. त्यांनी पत्र वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि बाईला विचारलं, "वहिनी, माहेरचं नाव काय तुमचं?" घोटाळा तिथंच होता. नवऱ्यानं फौजेत बायकोचं नाव नोंदवलं ते लग्नाआधी कानावर आलेलं, माहेरचं. लग्नात नाव बदललं. रेशनकार्डावर सासरचं, बँकेत सासरचं. कागदोपत्री या बाईचा त्या जवानाशी काही संबंधच नव्हता. सुभेदारांनी माझी खुर्ची ओढली आणि माझ्याच टेबलावर अर्ज लिहायला घेतला. पुढं तहसीलदारापुढचं प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, दोन साक्षीदार, सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र. १४ महिने लागले. फॅमिली पेन्शन चालू झाली, मागची थकबाकीही आली.

मग दर रविवारी सकाळी नऊला ते पडवीत येऊन बसू लागले. पोस्टाला रविवारी सुट्टी, पण टेबलाला नसायची. अशी नावाची भानगड असलेल्या बायका एकट्या आमच्या गावातच सात निघाल्या.

त्यांची रीत ठरलेली होती. आलेल्या माणसाला म्हणायचे, "पेटीतला सगळा कागद आणा. तुम्ही निवडू नका." कारण माणूस निवडायला बसला की नेमका लागणारा कागद रद्दीत जातो. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनीचा आदेश, जुनी पत्रं, बॅजसुद्धा. प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर आधी आर्मी नंबर, मग हुद्दा, मग नाव. "जवानाचं नाव बदलंल, नंबर नाही बदलत," म्हणायचे. गंमत अशी, की ज्या बायकांना स्वतःचं वय सांगता यायचं नाही, अंगठा सोडून सही यायची नाही, त्यांना नवऱ्याचा नंबर तोंडपाठ. तो लांबलचक आकडा जात्यावरची ओवी म्हणावी तसा एका दमात म्हणायच्या. पन्नास वर्षं पत्रावर बघितलेला आणि दुसऱ्याकडनं वाचून घेतलेला.

एक म्हातारी आली ती पेन्शनीसाठी नव्हेच, तिला पोराचा पत्ता लिहून हवा होता. बांगड्यांच्या डब्यातनं चिठ्ठी काढताना टेबलावर एक तांब्याच्या रंगाची सहा टोकांची चांदणी पडली. सुभेदार उठून उभे राहिले. ते 'इटली स्टार' होतं, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं पदक. म्हातारीचा नवरा लढाई संपल्यावर घरी पाठवला गेलेला, पेन्शन नाही. अशा महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण डिस्चार्जचा कागद पाहिजे. तीन रविवार शोधाशोध झाली. पेटीत नाही, माळ्यावर नाही. शेवटी सापडला कुठं, तर भिंतीवरच्या विठ्ठलाच्या फोटोमागं! फ्रेमवाल्यानं पुठ्ठ्याऐवजी तोच घडी करून घातला होता. अनुदान सहा वर्षं मिळालं तिला. दर संक्रांतीला ओटीत हुलगे घेऊन यायची. सुभेदार पैसे कुणाचे घ्यायचे नाहीत. तिकिटाचे तेवढे घेत, तेही वहीत लिहून. हुलगे मात्र घेत. म्हणत, "हे रेशन आहे मास्तर, रिश्वत नाही."

माणूस गोड होता असं कुणी समजू नये. भयंकर तापट. पावणेदहाला आलेल्याला "नऊ म्हणजे नऊ" म्हणून अर्धा तास उभा ठेवत. कँटीनच्या कोट्यातली बाटली गावात विकणाऱ्याला भर चावडीवर नको ते बोलले होते. एकदा एक जण कान चांगला असताना बहिरेपणाची डिसेबिलिटी पेन्शन मागायला आला. हे पाठमोरे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "चहा घेणार का?" तो "व्हय" म्हणाला. पुढं ते ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा त्या माणसाची सबंध आळी विरोधात गेली आणि ११ मतांनी पडले. आज त्याच ग्रामपंचायतीनं कमानीचा ठराव केलाय, असो.

माझ्यावरही एकदा बरसले, आणि बरोबर बरसले. एका विधवेला रेकॉर्ड ऑफिसचं रजिस्टर पत्र आलं होतं. बाई माहेरी गेलेली, म्हणून मी ते नऊ दिवस कपाटात ठेवलं. उत्तराची मुदत त्यातच गेली. सुभेदारांनी मला आवाज चढवून विचारलं असतं तर परवडलं असतं. पाकीट हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, माहेर किती किलोमीटर?" बारा होतं. तिचं प्रकरण सहा महिने मागं पडलं. अजून आठवतं.

७१ च्या लढाईतलं जमालपूर, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आताच्या बांगलादेशातलं. त्याबद्दल शोकसभेत तिघे बोलले, पण खुद्द सुभेदार जमालपूरची एकच गोष्ट सांगायचे आणि ती टपालाची होती, म्हणून मला सांगायचे. डिसेंबर १९७१. जमालपूरला पाकिस्तानी पलटण ठाण मांडून बसलेली आणि १ मराठा तिच्या पाठीमागं रस्ता अडवून. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी एका बंगाली माणसाच्या हातून शरण या असं पत्र पाठवलं. उत्तर आलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. मजकूर असा, की पुढच्या वेळी पेनाऐवजी हातात स्टेनगन घेऊन या. १० तारखेच्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघाली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन धडकली. सकाळी जमालपूर पडलं. या रात्रीबद्दल सुभेदार काही सांगत नसत. गोळीच्या पत्रापर्यंत येऊन थांबायचे आणि विचारायचे, "मास्तर, असलं पाकीट तुमच्याकडं आलं असतं तर वजनाला किती तिकीट लावलं असतं?"

येरळेच्या कोरड्या पात्रात पहाटे ते भरतीची पोरं पळवायचे, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत, नऊ फुटांचा खड्डा, दहा पुलअप्स. २०२२ ला अग्निवीर आलं, चार वर्षांची नोकरी आणि पेन्शन नाही. पोरांनी विचारलं तर "आधी पळा" म्हणायचे. मला एकट्याला एकदा म्हणाले, यांच्या बायका कुठल्या टेबलावर येणार? माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्यासारख्या ग्रामीण डाक सेवकालाही पेन्शन नसते, पण तो माझा विषय झाला.

शेवटची तीन-चार वर्षं सगळं 'स्पर्श'वर गेलं. पेन्शनीचं हे संगणकी पोर्टल. पूर्वी पत्र लिहिलं की निदान पोच यायची, आता लॉगिन, पासवर्ड, ओटीपी. ओटीपी येतो तो पुण्यातल्या नातवाच्या मोबाइलवर, आणि नातू ड्युटीवर. सुभेदार म्हणायचे, "नाव स्पर्श ठेवलंय, पण हात लावायला माणूस नाही." तरी पंच्याहत्तरीत शिकले. हयातीच्या दाखल्याचा वेगळाच ताप. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांना रेषाच उरत नाहीत, मशीनवर ठसा उमटत नाही. मग चेहऱ्यावरनं दाखला करायची सोय झाली. मोबाइलसमोर बसायचं आणि डोळे मिचकवायचे. आमच्या एका काकू, वय ८१, काही केल्या डोळे मिचकवेनात. "चार बाप्यांपुढं डोळा मारू व्हय मी?" शेवटी सुभेदारांनी सगळ्या पुरुषांना अंगणात काढलं, स्वतःसुद्धा बाहेर उभे राहिले, आणि माझ्या सुनेनं मोबाइल धरला. काकू हयात ठरल्या.

आता मुद्द्यावर येतो. कमानीला माझा विरोध आहे, आणि तो मी ग्रामसभेतही बोलून दाखवलाय. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, तिथं माणूस आपसूक टोपी काढतो. स्मारकं असावीत. पण सुभेदार लढाईत कामी आले नाहीत, ते टेबलावर कामी आले. जायच्या आदल्या रविवारीही अर्धा तास बसून गेले. कमानीखालनं ट्रॅक्टर जातील. कमानीच्या पैशांत पडवीला एक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि बरं इंटरनेट येईल, आणि सैनिक कल्याण कार्यालयात हेलपाटे घालायला एसटीचं भाडं निघेल. ठरावाच्या बाजूच्या मंडळींनी रागावू नये. पाहिजे तर टेबलावर नाव कोरा.

त्यांच्या वह्या त्यांच्या मुलानं माझ्याकडं आणून दिल्या. एकूण ११. प्रत्येक पानावर नंबर, हुद्दा, काम, तारीख, तिकिटाचे पैसे, आणि काम झालं की तांबडी रेघ. शेवटच्या वहीत तीन पानांवर रेघ नाही. एक नावदुरुस्ती, एक थकबाकी, आणि एका घटस्फोटित लेकीचा वडिलांच्या फॅमिली पेन्शनवरचा हक्क. 'रजिस्टर केले' असं त्यांनी लिहून ठेवलंय, पण रजिस्टर पोस्टच २०२५ ला स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळं पावत्या कुठं मागायच्या इथपासून माझी सुरुवात आहे. मला अर्ज लिहिता येतो, बघून बघून शिकलो. स्पर्श येत नाही.

तालुक्यातल्या ज्या माजी सैनिकांना, क्लार्क ट्रेडवाल्यांना विशेषतः, ते येतं, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. सकाळी नऊ ते बारा, पोस्टाची पडवी, चहा माझा. आणि ज्यांचं काम अडलंय त्यांनी येताना पेटीतला सगळा कागद आणावा. निवडू नये.

आपला,
एक निवृत्त शाखा डाकपाल
ता. खटाव, जि. सातारा