गेट काढू नका

वडगाव, बेळगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या त्या रेकॉर्डिंगवाल्यानं तुमच्या गाण्यात कीबोर्ड घाला, वेग कमी करा आणि पहिल्या ओळीतलं ‘दुसरं रेल्वे गेट’ काढून नुसतं ‘सिग्नल’ करा म्हणून सांगितल्याचं आईकडून कळलं. त्यावरून तुमच्या बँडमध्ये वाजलंय, तेही कळलं. मला तू विचारलं नाहीस, खरं सांगतोच.

गेट काढू नका. टिळकवाडीत त्या गेटापाशी गाडी बंद करून मालगाडीचे डबे मोजत जो उभा राहिलाय, त्याला पहिल्याच ओळीत हसू फुटतंय. पुण्यातल्या पोराला गेट ठाऊक नसलं तरी खोळंबा कळतोय की. आणि सिग्नलवर कोण कशाला गाणं करील?

तू मला रामोन्स ऐकवलेस. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली पोरं, १९७४ साली बँड काढला, आडनावं निरनिराळी असून सगळ्यांनी एकच लावलं (आपल्याकडं रेशन कार्डाला अडचण आली असती). १९७६ च्या पहिल्या अल्बमात १४ गाणी, ती सगळी अर्ध्या तासाच्या आत. मला आधी तो नुसता गोंगाट वाटला. मग पेटी काढून बघितलं. तुमचा तो पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प. गिटारचा आवाज एवढा फाडल्यावर मध्ये गंधार घातला की सगळा चिखल होतोय, म्हणून तो गाळायचा. मग गंधार लागतो कुठं? गळ्यात. तुम्ही दोघी मिळून धृपद वर ओढता ना, गाण्याची चाल सगळी तिथं आहे. त्या जागेवर कीबोर्ड येऊन बसला तर गळ्याला काम काय उरणार? आमच्या भजनी मंडळातही पेटीवाला, म्हणजे मीच, जास्त बोटं चालवायला लागला की बुवा डोळे वटारतात.

वेगाबद्दल मात्र त्या माणसाला अगदीच खोडून काढता येत नाही. आपल्या मागाच्या खोलीत तुमची तालीम ऐकली तेव्हाच कानाला लागलं होतं. तुमच्या गोकाकच्या ड्रमरचा हात दुसऱ्या कडव्यात पळतोय आणि तू शब्द गिळतेस. वेग उतरवू नका, खरं त्याला क्लिक, म्हणजे कानात एकसारखा ठोका, लावून घासू दे. गाण्यातली कानडी ओळही त्यालाच म्हणू दे. तू म्हणतेस तेव्हा शाळेत धडा वाचल्यासारखी वाटते.

गणपतीत मंडळानं तुम्हाला साडेनऊची वेळ दिलीय. दहाला स्पीकर बंद. आवाज तपासण्यात दहा मिनिटं घालवलीत तरी तुमच्या हिशेबानं आठ-नऊ गाणी बसतील. आरतीच्या आधी की नंतर, तेवढं अध्यक्षांना कळवायचंय. रविवारपर्यंत फोन कर.

तुझे,
बाबा